बाप्पाभोवतीचे रूळ

जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवणारे लोक असतात. तसे एक गृहस्थ परवा माझ्याकडे आले होते. ह्या बाईंकडे कधीकाळी पत्र्याचे रूळ होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. खुर्चीत बसले, चहाला हात लावला नाही, आणि मलाच समजावून सांगायला लागले. आजी, रुळांचे प्रकार असतात बरं का. पोकळ वेगळे, भरीव वेगळे. दोन रुळांची पटरी वेगळी, तीन रुळांची वेगळी. बोलताना तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं होतं त्यांच्या. "तुम्हाला कल्पना नसेल," म्हणाले. मी म्हटलं, चहा निवतोय. मनात म्हटलं, मेल्या, मला कल्पना नसेल? त्या रुळांची तोंडं मी जाळ्याच्या सुईनं उघडलीत. बोटं फाडून घेतलीत माझी.

मला त्या रुळांचा मनापासून तिटकारा आहे. गंजाचा वास आणि मुशीच्या तेलाचा वास एकत्र आला की काय होतं ते ज्यानं हुंगलं नाही त्यानं मला कौतुक सांगू नये. गृहस्थांना मी काहीच सांगितलं नाही. ते गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या किनाऱ्याला रेल्वे नाही. तेव्हा तर नावच नको. रेवदंड्याच्या खाडीला लागून आमचा कोळीवाडा, जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. आगगाडी बघायची तर रेवसला जाऊन लाँचनं मुंबई गाठावी लागे. आईनं ती जन्मात बघितली नव्हती आणि बघायची तिला हौसही नव्हती. तिची हौस एकच, दादानं घरी राहावं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता. वर्षभर कुठल्या कुठल्या बंदरांत, आणि गणपतीला तेवढा घरी. बा होता तोवर आईनं हे चालवून घेतलं. मग बा एका पावसाळ्यात तापानं गेला. होडी किनाऱ्यावर पडून राहील म्हणून काकानं चालवायला घेतली, दादा येईपर्यंत म्हणून. काका घेतो तेव्हा कसं घेतो हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वाट्याचं म्हावरं टाकायला आला की आमच्या ओसरीला तंबाखूची पिचकारी मारून जायचा, आणि वाट्यात डोकी आणि काटेच जास्त. ते निवडायचं, मीठ लावायचं, वाळवायचं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायचा, हे आईनं आणि मी. माझ्या हातांना जवळ्याचा वास इतका बसला होता की जेवताना मी डावा हात पाठीमागे धरायची. मला स्थळं येत होती. आई म्हणायची, दादा घरी आला की बघू, मी एकली कशी राहू. म्हणजे दादा आला की आई सुटणार, मी सुटणार, होडी सुटणार. सगळं त्याच्या येण्यावर अडलेलं.

त्या वर्षी गणपतीला तो आला तो एक खोका घेऊन. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारात घेतलेला. आत चावीचं इंजिन, दोन डबे आणि रूळ. वाड्यातली पोरं सोडा, म्हातारेसुद्धा गुडघ्यावर बसले. दादानं रूळ जोडून दाखवले. पातळ पत्रा दुमडून केलेली पोकळ नळी, म्हणजे एक रूळ. अशा दोन नळ्या, आणि खालच्या आडव्या पट्ट्यांची टोकं वर वळवून त्या चिमटीत धरलेल्या. एका टोकाला रुळातून बारीक खिळा बाहेर आलेला, दुसरं टोक रिकामं. ह्याचा खिळा त्याच्या पोकळीत घालायचा की झाला जोड. दादा हे सांगायचा तेव्हा त्याचे हात बघत राहावेसे वाटत, हे मी आज एवढ्या रागातसुद्धा कबूल करते.

आई म्हणाली, "आता बास झाला रं. बा न्हाय तुझा. होडी हाय. ऱ्हा आता घरी."

दादा चावी पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "ऱ्हातो की. ही गाडी बाप्पाला एक फेरा घालू दे, मग जहाज सोडला."

हसत म्हणाला तो. पण आमच्या घरात बाप्पासमोर हसत बोललेलंही बोललेलंच असतं. आईनं नारळ उचलला, चौरंगापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाप्पाच्या म्होरं बोललास. ह्यो नवस झाला." शेजारपाजारच्या बायकांनी मान डोलावली. दादाचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

आता गंमत अशी की त्या खोक्यातले सगळे तुकडे वळणाचे. त्यांचा गोल व्हायचा तो एवढासा, आणि आमचा चौरंग हा भला मोठा. बानं मोडलेल्या होडीच्या फळ्यांचा स्वतःच्या हातानं केलेला. मी म्हटलं, औंदा छोट्या पाटावर बसवा बाप्पाला. आईनं डोळे वटारले. बाच्या चौरंगावरच बाप्पा बसणार. मग गोल मोठा करायला हवा, म्हणजे मध्ये सरळ तुकडे हवेत. "फुडल्या खेपेला आनतो," दादा म्हणाला आणि गौरीगणपती गेल्यावर गेला. आई लाँचपर्यंत पोचवायला गेली ती हसत गेली. एका वर्षाचाच तर प्रश्न होता.

ते वर्षभर आईनं रूळ सांभाळले ते असे, की तेवढं मला लहानपणी कुणी सांभाळलं नसेल. पण आमची हवा कुणाला सोडते? खारा वारा कौलांतून येतो, पेटीत शिरतो, सुईलासुद्धा गंज चढतो. वैशाखातच पत्र्यावर तांबूस ठिपके आले. आई पदरानं ते घासत बसायची. आषाढ-श्रावणात होड्यांना तेल लावायचे दिवस आले, आणि तिला ते सुचलं. होडीचं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं कशानं? मुशीच्या तेलानं. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिचं काळीज उन्हात ठेवून, कढवून तेल काढतात. ज्यांनी ते काढताना बघितलंय ते दोन दिवस जेवत नाहीत. काकाच्या डब्यातलं उरलेलं तेल आईनं आणलं आणि एकेक रूळ आतबाहेर माखला. इंजिनाच्या चाकांनाही लावलं, मागे राहायला नको म्हणून. मग सगळं फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

शी! आजही अंगावर काटा येतो. माळ्यावरून तो वास खाली उतरायला लागला. आधी माश्या आल्या, मग मुंग्या, मग वाड्यातली सगळी मांजरं आमच्या कौलांवर रांगेनं बसायला लागली. एक बोका आत शिरून फडकं ओढून रूळ चाटत बसला होता, त्याला मी झाडूनं हाणला. आईला म्हटलं, फेकून दे हे. ती म्हणाली, "वास जातो गो. गंज जात न्हाय."

गणपतीत आमच्याकडे म्हावऱ्याचं नाव काढत नाहीत. चूल सारवतात, भांडी घासूनपुसून ठेवतात, सुक्या मासळीची पाटी शेजारच्या पडवीत हलवतात. आणि त्या वर्षी प्राणप्रतिष्ठेला आलेले भटजी मधेच थांबले. नाक आक्रसून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मंत्र असे घाईनं आटोपले की बाप्पा अर्धवट जागे झाले असतील. शेजारीण दारातूनच म्हणाली, "बाई, गणपतीच्या घरात मुशी कापलीव का काय?" मला वाटलं, जमीन दुभंगावी. आई मात्र अभिमानानं रूळ काढून दादापुढे ठेवत होती. "बघ, एक ठिपका न्हाय."

तेल वाळून राळेसारखं चिकट झालं होतं. बोट लावलं तर बोट उचलताना चट् असा आवाज. दादानं गाडी ठेवली, चावी दिली, आणि गाडीनं वीतभर जाऊन हाय खाल्ली. माशी गुळात बसावी तशी बसली. वर दादानं जे सरळ तुकडे आणले होते ते दुसऱ्याच कंपनीचे. त्यांचा खिळा जाड, आमच्या रुळाची पोकळी बारीक. शिवाय रूळ जरासा उंच. दादा शांतपणे म्हणाला, "न्हाय जुळत." काकाला धीर कुठला? "न्हाय जुळत म्हंजे? आन वरवंटा." आणि मसाल्याचा वरवंटा घेऊन त्यानं खिळे आत ठोकायला सुरुवात केली. पोकळ पत्रा तो, तोंडं चेपली, काही उभी फाटली. निम्मे सरळ तुकडे काकानं तिथल्या तिथे मारले. मग वरवंटा तसाच पाट्यावर ठेवून पिचकारी टाकायला बाहेर गेला. मला ती किळस शब्दांत सांगता येत नाही. बाप्पा समोर, मुशीचा दर्प, आणि हळदीच्या वरवंट्याला ते चिकट तेल.

आईचा चेहरा पडला. सगळे तिलाच म्हणत होते, तेल कशाला लावलंस, तेलानं घात केला. ती दादासमोर रडली. "माज्यामुळं राह्यलं रं." आणि दादानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे आये. फुडल्या वर्षी." किती समजूतदार मुलगा, असं बायका म्हणाल्या. मलाही तेव्हा वाटलं.

पुढच्या खेपेला तो आला ते पितळेचे रूळ घेऊन. भरीव, बारीक, चमकणारे, खाली काळ्या बेकलाईटची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, अख्खी पट्टी. दिसायला सोन्याचे. पण दोन रुळांमधली जागा आमच्या गाडीच्या निम्मी. आमची चाकं दोन्हीकडून बाहेर लोंबत होती. "मापच घ्यायचा राह्यला," दादा म्हणाला. वर्षभर समुद्र मोजणाऱ्या माणसाचं माप राहिलं! मी त्याच्याकडे बघितलं. तो बाप्पाकडे बघत होता.

त्याच्यानंतर आणली ती तीन रुळांची पटरी. हे तुकडे अगदी आमच्यासारखे, तसाच पोकळ पत्रा, तसाच रंग, फक्त मध्ये आणखी एक रूळ, खाली कागदासारख्या जाड चकतीवर बसवलेला. गावात दिव्याला वीज नाही आणि हा विजेची पटरी घेऊन आला! दादानं ओसरीवर बसून सगळ्यांना समजावलं. बाहेरचे दोन रूळ चाकांचे, मधला करंटचा. मधल्या रुळाचा करंट पत्र्यात उतरू नये म्हणून त्याच्याखाली चकती. विजेचं इंजिन पोटाखालून मधल्या रुळाला टेकतं आणि करंट उचलतं. सगळे तोंड उघडून ऐकत होते. आईनं विचारलं, "पन आपली गाडी चालंल ना रं ह्याच्यावर?"

"न्हाय गो. आपली चावीची. मधल्या रुळाला अडकंल." एवढं म्हणून त्यानं ते तुकडे परत कागदात गुंडाळले. लावूनसुद्धा बघितले नाहीत.

आईनं कपाळाला हात लावला. पण त्याला एका शब्दानं बोलली नाही. परगावी जाऊन एवढं शोधतोय बिचारा, मिळत नाही त्याला तो काय करणार, असं वाड्यात सांगत फिरली. त्या वर्षी मला आलेलं चांगलं स्थळ तिनं परत पाठवलं. "अवंदाचा वर्ष थांबा," म्हणाली त्यांना. ते थांबले नाहीत. मुलगा मी पाहिला होता. मला आवडला होता. बस्, ह्याच्यापुढे त्याबद्दल लिहीत नाही.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, आई बाजाराला गेली होती आणि मी अंगणात पसरलेल्या जवळ्याची राखण करत बसले होते. कावळे हाकायचे, जवळा उलथायचा, परत बसायचं. वासानं डोकं उठलं होतं. हाताला काहीतरी चाळा म्हणून रूळ काढले. आदल्या वर्षभरात मी राख आणि चिंच लावून वळणाच्या रुळांवरचं सगळं तेल खरवडून काढलं होतं, इंजिनाची चाकंही सुईनं कोरून साफ केली होती. तीन रुळांचा एक तुकडा ओसरीच्या फरशीवर ठेवला. त्यावर इंजिन ठेवलं. नुसतं ठेवून बघितलं. आणि वाकून खाली पाहिलं तर काय, चाकं बाहेरच्या दोन रुळांवर अगदी बरोबर बसलेली, आणि मधला रूळ दोन चाकांच्या मधल्या रिकाम्या जागेत. कशालाही लागत नव्हता. मी चावी दिली. गाडी सरळ निघाली, तुकडा संपला तशी ओसरीवरून खाली उडी मारून जवळ्याच्या ढिगात जाऊन तोंड खुपसून घरघरत राहिली.

मी उठलेच नाही. कावळे जवळ्यावर उतरले तरी उठले नाही.

अडकत नव्हती. अडकायचं काही कारणच नव्हतं. आणि ज्यानं मला खिळा आणि पोकळी आणि चकती आणि करंट सगळं शिकवलं, त्याला हे माहीत नव्हतं? त्याला सगळं माहीत होतं. जाड खिळ्याचे, अरुंद मापाचे, ते त्यानं चुकून आणले नव्हते. निवडून आणले होते. दुकानात उभा राहून, हातात घेऊन, हे जुळणार नाहीत ना, अशी खात्री करून घेतले असतील. आणि आईला तेलावरून रडू दिलं! पाठीवरून हात फिरवला! मला उलटी आली. खरोखरची आली, जवळ्याच्या कडेला बसून ओकले.

आईला सांगितलं नाही. सांगून तिनं विश्वास ठेवला नसता, आणि मला नुसतं सांगायचं नव्हतंच. मला तो सगळ्यांच्या समोर, बाप्पाच्या समोर पकडायचा होता. नवस फेडायला लावायचा होता. घरी बस आता, होडी ओढ, काटे निवड, म्हणजे कळेल.

गणपती आले. दादाही आला, ह्या खेपेला जहाज उशिरा लागल्यामुळे हात हलवत. गौरी आल्या त्या दुपारी तो काकाबरोबर होडीकडे गेला होता. बायका ओसरीवर फुगड्यांची तयारी करत होत्या. मी आत चौरंगाभोवती बसले आणि रूळ मांडायला घेतले. वळणाचे तुकडे जुने, सरळ तुकड्यांत काकाच्या वरवंट्यातून वाचलेले जाड खिळ्याचे, आणि उरलेल्या जागी तीन रुळांचे. जाड खिळा बसावा म्हणून बारीक पोकळीचं तोंड जाळं विणायच्या सुईनं हळूहळू मोठं केलं. पत्रा कापतो, बोटांतून रक्त आलं, ते परकराला पुसलं. उंच रुळाच्या आणि ठेंगण्या रुळाच्या जोडाखाली माडाच्या झापाची पाती घालून दोन्ही एका पातळीत आणले. तीन रुळांच्या तुकड्याचा मधला खिळा तसाच हवेत राहिला, तो कुणाच्या वाटेत येत नव्हता. फिरून सुरुवातीला आले तेव्हा शेवटचा खिळा शेवटच्या पोकळीत गेला. बाच्या चौरंगाला पहिल्यांदा पुरा वेढा पडला.

आरतीला सगळे जमले. दादा हात-पाय धुऊन आत आला आणि रूळ बघून दारातच थबकला.

"ह्ये कुनी लावलं?"

"मी," मी म्हटलं. "विजेची पटरी हाय ना, अडकते का बघू."

आई टाळ्या वाजवायच्या बेतात होती. तिला काय चाललंय ते अजून नीट कळलं नव्हतं, पण वेढा पुरा झालाय हे दिसत होतं. तिनं समईची वात सारखी केली, पदर डोक्यावर घेतला आणि चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मी चावी पिळली, पार शेवटपर्यंत, आणि गाडी सोडली.

जोडाजोडाला खट् खट् वाजत गाडी निघाली. जाड खिळ्याच्या तुकड्यावर चढताना जरा डुलली, बायकांनी "आई गं" केलं, पण सावरली. वळली. चौरंगाच्या मागे गेली, दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत होता. तीन रुळांचा भाग तिकडेच होता. आणि ती मागून बाहेर आली, डब्यांसकट, जराही न अडकता. पोरं ओरडायला लागली. हातभर राहिलं होतं. मी दादाकडे बघणार होते, पण गाडीवरची नजर काढवेना.

आणि आईनं वाकून गाडी उचलली.

इंजिन तिच्या हातात, चाकं हवेत गरगरताहेत, डबे खाली लोंबताहेत. चावीचा पीळ संपेपर्यंत ती तशीच धरून बसली.

"अवंदा पन न्हाय झाला," आई म्हणाली. "पडत व्हती. मी बघितली."

"कुठं पडत होती गो? बरी चालली होती की," शेजारीण म्हणाली.

"पडत व्हती म्हनते ना! चला, आरती घ्या."

तेव्हा मी दादाकडे पाहिलं. भिंतीला पाठ लावून उभा होता. ओठ पांढरे पडलेले, कपाळावरून घाम गळत होता. फास लागलेल्या जनावराचा चेहरा असतो तसा, आणि फास नुकताच कुणीतरी कापलेला. आई सगळा वेळ गाडीकडे नाही, ह्या चेहऱ्याकडे बघत होती, हे मला तेव्हा कळलं. आरती सुरू झाली तेव्हा तोच सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता. मोदकही त्यानं भरपूर खाल्ले.

मी आईला स्वैपाकघरात गाठलं. म्हटलं, "बाप्पासमोर खोटं बोललीस? ती चालत होती. तो लबाड आहे, चार वर्षं तुला रडवतोय, मुद्दाम उलटसुलट रूळ आणतोय!"

"कळला मना," आई म्हणाली. "आत्ताच कळला."

"मग?"

"त्याचा तोंड बघितलंस? त्यो तोंड रोज जेवताना बघू मी?"

"आणि मी?" मी म्हटलं. "माझं काय?"

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. कढईत उलथनं फिरवलं आणि म्हणाली, "पुरन बघ, करपतंय."

त्या दिवशी मला दादाची किळस आली होती त्याच्या दुप्पट आईची आली. लबाडाला लबाडी करून सोडवलं तिनं, आणि जी तिच्याजवळ राहिली होती तिला पुरण ढवळायला लावलं. लोक म्हणतील, आईचं काळीज. म्हणोत. मी तिथे होते. त्या काळजाला काय वास येत होता ते मला विचारा.

पुढच्या वर्षी दादा आला तो भारीतल्या कागदात बांधलेला पुडा घेऊन. मी सोडला. दोन रुळांचे, पोकळ पत्र्याचे, बारीक खिळ्याचे, आमच्याच कंपनीचे, आमच्याच उंचीचे सरळ तुकडे. सगळे नवे कोरे. एकही चुकीचा नाही, आणि चौरंगाच्या चारी बाजूंना पुरून उरतील एवढे. म्हणजे मिळत होते. इतकी वर्षं मिळतच होते. आता जुळले तरी कुणी अडवणार नाही ह्याची खात्री झाली, तेव्हा जुळणारे आणले. मला ते हातात धरवेनात. पुडा त्याच्यापुढे सरकवला आणि हात धुवायला गेले, राखेनं घासून धुतले.

रूळ त्यानंच मांडले. झटपट मांडले. गाडी सुटली आणि पाण्यासारखी धावली. एकही जोड वाजला नाही. बाप्पाला एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला. पोरं नाचत होती. काका "वा रं वाघा" म्हणून मांडीवर थाप मारत होता. दादा खूश होऊन टाळ्या वाजवत होता. नवसाचं नाव एकानंही काढलं नाही. वाड्यातल्या ज्या बायकांनी तेव्हा मान डोलावली होती त्या सगळ्या तिथे होत्या, आणि सगळ्या गाडीकडे बघून हसत होत्या.

आईनं गाडीला हात जोडले. पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "त्याची पेटी भरलीस का गो? परवाची लाँच हाय."